सापळ्यांची वही संगणकात : प्रकल्प नोंदी

२८ एप्रिल २०२४

कोठीतल्या फळीला मागून वाळवी लागलेली होती. वह्या काढल्या तेव्हा कळलं. २०२२ च्या हंगामाची कामगंध सापळ्यांची (गुलाबी बोंडअळीचे पतंग गंधानं ओढून पकडणारे सापळे) वही उचलली तर पाठीकडून माती गळाली. चाळीसेक पानं गेली. २०२३ ची वही माझ्या घरी होती म्हणून वाचली.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं, कोरडवाहू, कापूस आणि तुरीचं. गटात ४३ शेतकरी आणि ६४ सापळे. रोज सकाळी वावरात जाऊन सापळ्यातले पतंग मोजायचे, सापळा रिकामा करायचा आणि आकडा वहीत टाकायचा, हे काम लोकांनी दोन वर्षं चिखल तुडवत केलं. ती मेहनत मातीत गेलेली पाहून मन लागेना.

संध्याकाळी काकाजी (गटाचे अध्यक्ष) म्हणाले, "वही गेली तं गेली. पण औंदा अळी आली तं कायच्या भरोशावर सांगशीन का मागच्या साली कधी आली होती म्हणून?"

संगणकात डेटाबेस (नोंदी तक्त्यांत मांडून त्यांना प्रश्न विचारता येईल अशी वही) करायचा ठरलं. काम माझ्याकडे आलं.

३० एप्रिल

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं याआधी एक गोष्ट ठरवून घेतली : त्याला रोज संध्याकाळी मी काय विचारणार आहे. प्रश्न एकच आहे. कोणत्या सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले?

गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी हीच सांगितली जाते. सापळ्यातल्या ल्युरच्या (गंधाच्या आमिषाच्या) वासानं फक्त नर पतंग येतात, आणि त्यांची संख्या सलग तीन रात्री आठपर्यंत गेली की वावरात उतरून हिरवी बोंडं फोडून पाहायची. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून उत्तर त्याच दिवशी हवं, दोन दिवसांनी मिळून उपयोग नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीनं काय केलं ते आमच्या घरानं पाहिलं आहे. त्या वर्षी आमच्याकडे ना सापळे होते ना नोंदी. बोंडं वरून हिरवीगार दिसत होती. बाबांनी डिसेंबरात उभी पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटली तेव्हा फोडलेल्या बोंडांत सरकी किडकी आणि कापूस पिवळा निघाला.

वहीतून हे उत्तर काढायला ६४ ओळी, तीन पानं मागे-पुढे उलटत पाहाव्या लागत. थकलेला माणूस कंदिलाखाली हे करतो तेव्हा एखादी ओळ सुटतेच.

२ मे

यवतमाळहून जुना संगणक आणला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्डडिस्क. इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी म्हातारी.

हिशेब केला : ६४ सापळे, हंगामाच्या सुमारे १२० रात्री, म्हणजे ७,६८० नोंदी. दहा वर्षांच्या धरल्या तरी ७६,८००. हा आकडा आधी काढला ते बरं झालं, कारण यामुळे निम्मे पर्याय आपोआप बाजूला पडतात. आमचा माल थोडा आहे. अडचण वीज, हात आणि अक्षरं यांची आहे.

५ मे

सगळे म्हणाले, स्प्रेडशीटमध्येच कर, सोपं आहे. खरंच सोपं आहे. दहा लाखांवर ओळी मावतात, आम्हाला तेवढ्या लागतही नाहीत. दिवसभर ४३ जणांची यादी भरली. रात्री तपासताना गट नंबरच्या रकान्यात ४/२ च्या जागी ४ फेब्रुवारी दिसला. ११/३ चा ११ मार्च झाला. आमच्या भागात वाटण्या होऊन होऊन निम्म्या वावरांचे नंबर असे तिरक्या रेघेचे झालेत. शेतकऱ्याच्या कागदाचं नावच सातबारा. तेही त्या चौकटीत घातलं तर ७ डिसेंबर होतं!

रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवला तर हे टळतं, हे मला माहीत आहे. पण भरणारे हात माझे एकटीचे नसतील. सुट्टीत नववीतल्या दोन मुली मदतीला येणार आहेत, हंगामात आणखी कोणी येईल. प्रत्येकानं दर वेळी आठवण ठेवायची, अशा भरवशावर वही चालत नाही. रकान्यात काय बसतं आणि काय बसत नाही हे ज्याला एकदा सांगून ठेवता येतं, असं काहीतरी हवं.

११ मे

चार-पाच दिवस डेटाबेसच्या सॉफ्टवेअरांबद्दल वाचण्यात आणि ती बसवून पाहण्यात गेले.

ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचं) : फॉर्म आणि छापील अहवाल बनवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं दिसलं नाही. एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, ती आम्हाला कधीच लागणार नाही. पण ते विकत घ्यावं लागतं आणि फक्त विंडोजवर चालतं. उद्या हा संगणक बंद पडला आणि कोणी लिनक्सवाला दिला, तर फाइल हातात आणि उघडता येत नाही अशी गत.

लिबरऑफिस बेस : फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर. आत एचएसक्यूएलडीबी नावाचं इंजिन असतं, त्याला जावा लागतं. सगळी तक्तं एका झिप केलेल्या फाइलच्या आत राहतात आणि सेव्ह करताना ती फाइल पुन्हा लिहिली जाते. शहरात हे चालेल. जिथं दुपारी न सांगता लाईट जाते तिथं मला याची धास्ती वाटली.

मारियाडीबी आणि पोस्टग्रेस : दोन्हीबद्दल आदर वाढला. पोस्टग्रेसमध्ये मजकुराचे, तारखांचे नियम फार काटेकोर आहेत. अनेक माणसं एकाच वेळी अनेक संगणकांवरून लिहीत असतील तर मी तेच घेतलं असतं. पण तो सर्व्हर आहे : पाठीमागे सतत चालू राहणारा कार्यक्रम, त्याचे वापरकर्ते, त्याचे पासवर्ड. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुना माल तसाच उघडत नाही, तो काढून पुन्हा भरावा लागतो किंवा त्यासाठीचं वेगळं साधन चालवावं लागतं. मी लग्न होऊन गावाबाहेर गेले तर हे कोण करणार?

एसक्यूलाइट : यात सर्व्हरच नाही. सगळा डेटाबेस एका फाइलीत. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये हे लिहिलं. अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावरच्या कामात डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की त्यांचा कार्यक्रमही अडून बसे, त्यातून सर्व्हरशिवायच्या डेटाबेसची कल्पना आली. आमच्या कोठीतल्या संगणकाला त्या जहाजाची अडचण नेमकी लागू पडते. हे सॉफ्टवेअर कोणाच्याच मालकीचं नाही, लोकार्पण केलेलं आहे. निदान २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा बनवणाऱ्यांनी जाहीर केला आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्येही ते आहे, म्हणजे आमच्या गटातल्या बहुतेकांच्या खिशात ते आधीपासूनच होतं.

काकाजींना सांगितलं की सगळी वही एका फाइलीत राहते, पेन ड्राइव्हवर घेऊन कुठंही उघडता येते. ते म्हणाले, "मंग ते वहीसारखंच झालं नं!" मला वाटतं, यापेक्षा नेमकं वर्णन होणार नाही.

१६ मे

लाईटची परीक्षा. यावर मी पूर्ण दिवस घालवला आणि त्याची खंत नाही.

५०० खोट्या नोंदी एकाच व्यवहारात (म्हणजे सगळ्या टिकाव्यात, नाहीतर एकही नाही, अशा रीतीनं) भरायच्या आणि मधेच धाकट्या भावानं मेन स्विच पाडायचा, इन्व्हर्टर काढून. असं दहा वेळा केलं. दर वेळी संगणक चालू करून नोंदी मोजल्या आणि फाइल धड आहे का ते तपासायची आज्ञा दिली. दहाही वेळा उत्तर 'ओके'. नोंदी एकतर आधीच्या इतक्याच, नाहीतर पूर्ण ५०० वाढलेल्या. अर्धवट एकदाही नाही.

हे घडतं कसं ते समजून घेतलं. फाइलचं जे पान बदलायचं, त्याचा मूळ मजकूर आधी शेजारच्या जर्नल नावाच्या फाइलीत उतरवला जातो. मग पान बदलतं. काम पूर्ण झालं की जर्नल पुसलं जातं. मधेच लाईट गेली तर जर्नल तसंच पडून राहतं, आणि पुढच्या वेळी फाइल उघडताच एसक्यूलाइट ते पाहून जुनी पानं जागेवर ठेवतं. बाबा हिशेबाच्या वहीत खाडाखोड करण्याआधी जुना आकडा समासात लिहून ठेवतात, तीच रीत.

भावाच्या लक्षात आलं की नोंदी एकेक करून पक्क्या केल्या तर ५०० ला अर्ध्या मिनिटाच्या वर लागतात आणि एकत्र केल्या तर डोळा लवतो तेवढ्यात होतात. प्रत्येक वेळी 'डिस्कवर खरंच लिहिलं का' याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून हा फरक. आमच्यासाठी नियम : एका सकाळच्या ६४ नोंदी म्हणजे एक व्यवहार.

जर्नलची दुसरीही एक पद्धत आहे, वॉल नावाची. ती वेगवान आहे, पण तिच्यात मुख्य फाइलीशेजारी आणखी फाइली राहतात. कोणी चालू कामात फक्त मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घेतली तर ताज्या नोंदी मागे राहतील. वेग आम्हाला नको आहे. मूळची पद्धतच ठेवली.

निवड पक्की : एसक्यूलाइट, आणि वर भरण्या-पाहण्यासाठी डीबी ब्राउझर हा फुकट कार्यक्रम.

२१ मे

तक्तं आखली : शेतकरी, वावर, सापळा, मोजणी. पहिला वाद गट नंबरवरून. बाबांचं म्हणणं, वावराची ओळख म्हणजे गट नंबर, तोच मुख्य ठेव. पण वाटणी झाली की तो बदलतो. एकाच नावाचे तीन शेतकरीही गटात आहेत. म्हणून प्रत्येक वावराला आमचा स्वतःचा क्रमांक दिला, जो कधी बदलणार नाही. गट नंबर शेजारी मजकूर म्हणून राहील.

यादीचा क्रम. एसक्यूलाइट मूळच्या रूपात अक्षरं युनिकोडमधल्या (संगणकातली अक्षरांची ठरलेली यादी) क्रमांकानुसार लावतं. तिथं ळ हा ल च्या लगेच नंतर बसलेला आहे. त्यामुळे 'काळं वावर' हे 'कासाराचं वावर'च्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत ळ ह च्याही नंतर. मराठी क्रम लावायला वेगळी जोडणी मिळते, त्यात दोन तास गेले. मग सुचलं की सकाळी मोजायला जाणाऱ्याला अकारविल्हे यादी नकोच आहे. त्याला पांदणीनं जाताना आधी कोणतं वावर लागतं तो क्रम हवा. 'वाटेचा क्रम' असा रकाना टाकला.

२७ मे

मुली २०२३ ची वही भरतायत. एक फोनवर टाइप करून पाठवते, एक संगणकावर. वावराच्या तक्त्यात 'मागचं पीक' असा रकाना होता. 'पऱ्हाटी' शोधली तर १९ वावरं आली. वहीत ४१ आहेत.

अर्धा दिवस डोळे फाडून पाहिलं. दोन्ही शब्द पडद्यावर अगदी सारखे. शेवटी एकेक अक्षर सुटं करून पाहिलं तेव्हा कळलं : ऱ्ह मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कळफलकानं खाली टिंब असलेला ऱ वापरला, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. माणसाच्या डोळ्याला एक, संगणकाला दोन वेगळे शब्द. जिथं वऱ्हाड, पऱ्हाटी आणि गोऱ्हा हे शब्द रोज तोंडात असतात, तिथं ही अडचण पावलोपावली येणार.

उपाय : पिकांचं वेगळं तक्तं. प्रत्येक नाव तिथं एकदाच लिहायचं आणि बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहू नये, हा एडगर कॉड यांच्या १९७० च्या मांडणीतून पुढे आलेला धडा मी वाचला होता. पऱ्हाटीनं तो शिकवला.

एक सावधगिरी इथंच लिहून ठेवते. तक्त्यांमधली ही बांधणी एसक्यूलाइट मूळच्या रूपात तपासतच नाही. कमांडच्या खिडकीतून मी वापरात असलेलं एक पीक पुसलं, ते मुकाट्यानं पुसलं गेलं. फॉरेन की, म्हणजे हीच बांधणी, तपासण्याची आज्ञा दर वेळी जोडणी उघडताना द्यावी लागते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवली.

४ जून

जुन्या वहीतली आडवी रेघ. ही मला सगळ्यात महत्त्वाची नोंद वाटते.

वहीत जागोजागी आकड्याऐवजी रेघ आहे. मुलींनी विचारलं, "ताई, इथं शून्य टाकू का?" मी हो म्हणणार होते. मग काकूला विचारलं, कारण ती पानं तिच्या हातची. ती म्हणाली, "कई पतंगच नोयते, तं कई मी गेलीच नोयती. पाणी होतं नं बापा."

सापळा रिकामा होता आणि सापळ्याकडे कोणी गेलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे वावर निर्धास्त. दुसरी म्हणजे काहीच माहीत नाही. रेघेला शून्य धरलं तर ज्या रात्री अळीची आई उडत होती तीही निर्धास्त म्हणून नोंदली जाईल. डेटाबेसमध्ये यासाठी 'नल' आहे : शून्य नाही, रिकामी जागा. सरासरी काढताना नल मोजलाच जात नाही. ज्या रेघा लोकांना आठवल्या त्या शून्य केल्या. बाकी सगळ्या नल, शेजारी शेरा 'वहीत रेघ'.

४ ऑगस्ट

पेरणीला पंचेचाळीस दिवस होऊन गेले, सापळे लागले. एकरी दोन, पऱ्हाटीच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर. तारीख कोणती लिहायची यावर बोलणं झालं : पतंग रात्री येतात, मोजणी सकाळी होते. 'मोजल्याची तारीख' असंच रकान्याचं नाव ठेवलं, म्हणजे संशय नको. वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, कारण एसक्यूलाइटला तारखेचा स्वतंत्र प्रकार नाही आणि या क्रमानं लिहिलं तरच मजकूर असूनही तारखा नीट मागे-पुढे लागतात.

११ ऑगस्ट

आठवड्याची बेरीज काढली. सापळा १४ : शून्य. तिथं रोज दोन-तीन पतंग येत होते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आकडे मराठी कळफलकावरून आले होते. २ आणि ३, आपले देवनागरी. एसक्यूलाइट त्यांना अंक मानत नाही, मजकूर मानतं, आणि अशा मजकुराची बेरीज शून्य धरतं. रकाना पूर्णांकाचा ठरवला असूनही ते मजकूर आत घेतं, हा त्याचा मूळचा सैलपणा. २०२१ पासून 'स्ट्रिक्ट' तक्तं करता येतात, त्यात असं काही शिरत नाही. मोजणीचं तक्तं त्या पद्धतीनं नव्यानं केलं, आत शिरलेले देवनागरी अंक बदलून घेतले. आता ३ टाकला की नोंद परत येते आणि भरणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं. आपले अंक मला प्रिय आहेत. छापील यादीत तेच येतील, छापताना बदलून.

१८ ऑगस्ट

बॅकअपची घडी बसली. दर रविवारी तारखेच्या नावानं पूर्ण नवी प्रत काढायची, एक पेन ड्राइव्ह काकाजींकडे, एक माझ्या मावशीकडे घाटंजीला. महिन्यातून एकदा कागदावर छापायचं. आणि दर महिन्याला एक प्रत खरंच उघडून पाहायची.

३ सप्टेंबर

काल पोळा होता. बैलं धुतली, सजवली, कोणी वावरात गेलं नाही. जायचंही नसतं.

आज संध्याकाळी प्रश्न चालवला तर सापळा २७ वर इशारा आला. ३१ ऑगस्ट ८, १ सप्टेंबर ९, ३ सप्टेंबर १०. माझ्या प्रश्नात चूक होती. मी 'मागची ओळ' पाहत होते, मागची रात्र नव्हे. कालची नोंदच नसल्यामुळे परवाची ओळ कालची म्हणून गणली गेली. आता दोन ओळींच्या तारखांत नेमका एकाच दिवसाचा फरक आहे का, हेही विचारते.

दुसरी गोष्ट बाबांनी दाखवली. काल सापळा रिकामा केला नाही, म्हणजे आजचे १० हे दोन रात्रींचे. पाच आणि पाचही असतील. 'किती रात्रींचे' असा रकाना वाढवला. जिथं एकापेक्षा जास्त, ती नोंद इशाऱ्यात धरायची नाही, पण यादीत वर दाखवायची, म्हणजे दुसऱ्या सकाळी तिकडे आधी कोणी जाईल.

६ सप्टेंबर

सापळा २७ : ४ तारखेला ९, ५ ला ११, आज ८. सलग, प्रत्येक एका रात्रीचे. संध्याकाळी साडेसहाला इशारा आला. पावणेसातला लाईट गेली. यादी तोवर छापून झाली होती.

७ सप्टेंबर

गणपती बसवण्याआधी सकाळी चौघं वावरात गेलो. वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडली, धुऱ्यावर बसून फोडली. १८ स्वच्छ. दोनांत अळी, एक अजून पांढरी, एक गुलाबी होत आलेली. वीसात दोन म्हणजे फवारणीची वेळ झाली. शेजारच्या २६ आणि २८ च्या मालकांना तिथूनच फोन केले.

घरी येऊन पाचवं तक्तं केलं, 'बोंड तपासणी' : सापळा, तारीख, फोडलेली बोंडं, अळी असलेली बोंडं. पहिली नोंद : २७, २०२४-०९-०७, २०, २.